आपटलेला दात जिवंत आहे का? थंड बोळा, विजेचं यंत्र की एक्स-रे

आठ वर्षांचं मूल तोंडावर पडतं. वरचा पटाशीचा दात हलतो, पण जागा सोडत नाही. आठवड्याने तपासणीत त्या दाताला काहीच जाणवत नाही. ‘दात मेलाय, रूट कॅनल करून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर होकार देण्याआधी तपासलं कशाने ते विचारा. नेहमीच्या दोन्ही तपासण्या, थंड बोळा आणि विजेचं यंत्र, विचारतात नसेला, आणि दात जगतो रक्तावर. मार बसलेल्या दाताची नस तीनेक महिने गप्प राहू शकते, आत रक्त नीट खेळत असलं तरी.

थंड तपासणीत कापसाच्या बोळ्यावर स्प्रे मारतात. त्यावर बारीक हिम धरलं की बोळा कोरड्या केलेल्या दातावर टेकवायचा, आणि गार लागलं की मुलाने हात वर करायचा. घाबरलेलं पोर बोळा टेकायच्या आधीच हात वर करतं! म्हणून आधी धडधाकट दातावर करून दाखवणारा आणि मध्येच एकदा साधा बोळा लावून बघणारा डॉक्टर मला भरवशाचा वाटतो.

विजेचं यंत्र दातात सौम्य वीज सोडतं आणि ती कितीवर जाणवली त्याचा आकडा येतो, त्यामुळे ते जास्त अचूक वाटतं. लहान मुलांत मात्र तेच जास्त फसवतं. वरचा मधला पटाशीचा दात सातव्या-आठव्या वर्षी उगवतो आणि त्याचं मूळ पुरं व्हायला आणखी दोन-तीन वर्षं जातात. तोवर विजेला प्रतिसाद देणारे मज्जातंतू पुरते तयार झालेले नसतात, त्यामुळे निरोगी दातही गप्प राहू शकतो. दोन्हींतून एकच निवडायची तर मी थंड तपासणी निवडेन.

रक्तप्रवाह थेट बघणारी साधनंही आहेत. लेझरच्या तपासणीत हिरडीतल्या रक्ताची भेसळ होते आणि मुलाला अगदी स्थिर बसावं लागतं. बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरचं तत्त्व दातालाही चालतं, पण बोटाचा चिमटा दातावर बसत नाही. बहुतेक दवाखान्यांत यातलं काहीच नसतं.

उरतो एक्स-रे, आणि माझा कौल त्यालाच. पण एका नव्हे, काही महिन्यांच्या अंतराने त्याच कोनातून काढलेल्या दोन एक्स-रेंना. शेजारच्या जुळ्या दाताशी ताडून बघा. मूळ लांबतंय, भिंती जाड होतायत, आतली पोकळी अरुंद होतेय? मेलेला दात हे करत नाही. उलट शेजारी पुढे गेला आणि हा अडून बसला, किंवा मुळाच्या टोकाशी काळा डाग आला, तर मामला बिघडलाय.

दंत-इजांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दात मेला म्हणायला किमान दोन खुणा लागतात. नुसता प्रतिसाद नसणं पुरत नाही. अशा हललेल्या दाताच्या फेऱ्या 2 आठवडे, 12 आठवडे, 6 महिने आणि वर्षाने. त्या चुकवू नका, कारण जंतुसंसर्ग झाला तर कोवळं मूळ फार झपाट्याने झिजतं. मूळ पुरं झालेला दात हाडात घुसला असेल किंवा निखळून परत बसवला असेल, तर मात्र थांबत नाहीत, दोन आठवड्यांत रूट कॅनल सुरू करतात.

दुधाच्या दाताला बोळाही नको, यंत्रही नको. उत्तरं भरवशाची नसतात. तो करडा पडला म्हणून लगेच काढायचा नसतो. हिरडीवर पुवाची पुळी, सूज किंवा वाढतं हलणं दिसलं तर मात्र दाखवा.