सुपर सी ला नॅरो फ्रंट : एक हंगाम वापरून झाल्यावर

ट्रॅक्टरचं वाइड फ्रंट (लांब एक्सलवर दूरदूर असलेली पुढची दोन चाकं) काढून नॅरो फ्रंट (मधोमध जवळजवळ असलेली जोडी) बसवणारा माणूस इकडे अमेरिकेत विरळाच. सगळी गर्दी उलट्या दिशेला. लोक इंटरनॅशनल हार्वेस्टरचे जुने लाल फार्मॉल ट्रॅक्टर घेतात, मग ते उलटू नयेत आणि मिरवणुकीत भारदस्त दिसावेत म्हणून शोधशोध करून वाइड फ्रंट बसवतात. त्यामुळे वाइड फ्रंटला भाव, आणि नॅरो फ्रंटचे पेडेस्टल, म्हणजे पुढची जोडी धरणारे ओतीव खांब, भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात गवतात पडून. माझ्या १९५३ च्या सुपर सी फार्मॉलचं जे काही झालं ते या भावातल्या फरकामुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच्या वाइड फ्रंटचे किंगपिन (चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी) आणि एक्सलची मधली पिन इतकी झिजली होती की स्टिअरिंग पाव फेरा फिरलं तरी चाकांना पत्ता नसायचा. दुरुस्तीचा अंदाज आला साडेसहाशे डॉलर. उलट नॅरो फ्रंटचं पेडेस्टल, हब (चाकाचा मधला तुंबा) आणि दोन चाकं मिळून दीडशेला मिळत होती. शिवाय झिजलेलं वाइड फ्रंट आहे त्या स्थितीत साडेचारशेला गेलं. बायको म्हणाली, "या ट्रॅक्टरने पहिल्यांदाच घरात पैसे आणले."

मी इलिनॉयमध्ये मोलिनच्या बाहेर राहतो. पाच एकर, त्यात मका, वांगी, मिरची आणि मंडळाच्या लोकांसाठी मेथी. गाव सगळं हिरव्या ट्रॅक्टरवाल्यांचं, म्हणजे जॉन डिअरचं. पुण्याहून आलेल्या बऱ्याच मराठी घरांची चूल त्याच कंपनीवर पेटते. मी लाल चालवतो म्हणून गणपतीच्या जेवणात टोमणे खातो. पण आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर लाल होता, आणि महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं ते इंटरनॅशनल हार्वेस्टरचा हात धरूनच. तेव्हा निष्ठा जुनी आहे.

पेडेस्टल आलं ते झकास लाल रंगात. धुताना एका कडेचा रंग पोपडा होऊन निघाला आणि खाली वेल्डिंगची जाड शीर दिसली. ओतीव लोखंडाला पडलेला तडा जोडून वर रंग फासला होता. विकणाऱ्याचं म्हणणं, "आहे तसं, या बोलीवर विकलंय. परत पाठवा, पैसे देतो, पाठवणावळ तुमची." एवढं जड ओतकाम परत पाठवायचा खर्च मालाच्या निम्म्याहून जास्त. ई-मेलवर बरंच भांडलो, अर्धे पैसे सुटले, आणि बिनतड्याचं दुसरं पेडेस्टल शेजारच्या काउंटीतल्या लिलावात चाळीस डॉलरला मिळालं. जुनं ओतकाम घेताना रंग बघू नका, तारेचा ब्रश घेऊन जा.

आता स्थिरतेचं. "तो तीनचाकी माणसं मारतो" हे मी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. यात अर्धं खरं आहे. मागच्या दोन टायरांचे जमिनीला टेकलेले बिंदू आणि पुढचा आधार, असा एक त्रिकोण धरा. ट्रॅक्टरचा भारमध्य या त्रिकोणाच्या बाजूबाहेर गेला की ट्रॅक्टर आडवा. लोक विसरतात ते हे, की वाइड फ्रंटलाही सुरुवातीला त्रिकोणच असतो. एक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळे तो स्टॉपला, म्हणजे झुलणं अडवणाऱ्या ठोकळ्याला, जाऊन टेकेपर्यंत बाहेरची चाकं ट्रॅक्टरला बाजूचा आधार देतच नाहीत. फरक दोन. वाइड फ्रंटचं टोक जमिनीवर नसून वर पिनेपाशी असतं, त्यामुळे कलायला थोडा जास्त कोन लागतो. आणि एक्सल स्टॉपला टेकला की मग तो खरोखर अडवतो. नॅरोला ही दुसरी संधी नाही.

म्हणून सगळी भिस्त मागच्या चाकांवर. १९२४ च्या पहिल्या फार्मॉलपासून या आखणीत मागची चाकं दोन ओळींच्या बाहेरून आणि पुढची जोडी दोघींच्या मधून जायची. माझ्या ओळी ३६ इंचांच्या, म्हणून मागची चाकं ७२ इंचांवर. सुपर सी ला हब दातेरी एक्सलवर सरकतो. गंज सोडवला की एका दुपारचं काम. गवत कापताना कुंपणाला लागू नयेत म्हणून चाकं आत घेऊन ठेवणारे आणि मग नॅरो फ्रंटला शिव्या देणारे लोक मी पाहिलेत. वजनासाठी मागच्या टायरांत बीटचा रस भरून घेतला, व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हपर्यंत. नुसतं पाणी इथल्या थंडीत गोठतं, कॅल्शियम क्लोराइड रिम खातं. बीटचा रस दोन्ही करत नाही आणि गॅलनमागे पाण्यापेक्षा जवळजवळ अडीच पौंड जड. एवढं केल्यावर मे महिन्यात माझं मत झालं की लोक उगाच घाबरवतात. शेताच्या टोकाला एका बाजूचा ब्रेक दाबला की जागच्या जागी वळतो. वाइड फ्रंटवर मागेपुढे करावं लागायचं ते गेलं.

जूनमध्ये हे मत बदललं. ट्रॅक्टरबरोबर एक छोटा लोडर, म्हणजे पुढे लावायची माल उचलणारी बादली, आलेला होता. ओलं खत बादलीत भरून, बादली थोडी उंच ठेवून, घराच्या बाजूच्या हलक्या उतारावर वळलो तर वरच्या अंगाचं मागचं चाक हलकं झालेलं सीटवर जाणवलं. बादली लगेच जमिनीला टेकवली. कारण सरळ आहे. पुढे वजन घातलं की भारमध्य त्रिकोणाच्या टोकाकडे सरकतो, आणि टोकाकडे त्रिकोण निमुळता. "पुढे वजनं लाव, सुरक्षित राहील" हा सल्ला मागे उलटण्यापुरता ठीक आहे, आणि मागे उलटू नये म्हणून ओढायची साखळी ड्रॉबारलाच (मागच्या खालच्या ओढपट्टीला) बांधायची, वर कुठेही नाही. पण बाजूच्या उतारावर तेच वजन वाइटावर जातं. सपाट शेतात मी नॅरो फ्रंटवर आजही खूश आहे. रस्त्याकडेच्या चराच्या उताराला मात्र नेत नाही, तिथे भाड्याने माणूस बोलावतो आणि पैसे देताना पोट दुखतं. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान, रोल बार, नाहीच. अमेरिकी उत्पादकांनी तो नव्या ट्रॅक्टरवर सरसकट द्यायला घेतला १९८५ पासून. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवा. दगडावर चाक गेलं की स्टिअरिंग हिसका मारतं, अंगठे चक्राच्या आत ठेवू नका.

पण खरं सांगू? उलटण्याची भीती आठवड्यातून एकदा वाटते. चिखल रोज छळतो. दोन्ही पुढची चाकं खाली जवळजवळ, मधे हातभर जागासुद्धा नाही. इथली काळी माती पावसानंतर आपल्या कृष्णाकाठच्या मातीसारखीच चिवट, आणि त्यात मक्याची धाटं. दोन सऱ्या जाईपर्यंत टायरांच्या मधे लगदा घट्ट बसतो, मग चाकं फिरायची थांबतात आणि जोडी नांगरासारखी घसरत ओळीतली मिरची उपटत जाते. उतरायचं, खाली वाकायचं, खुरप्याने कोरायचं. खुरपं आईने बॅगेतून आणलेलं, इथल्या दुकानातलं कुठलंही हत्यार त्या फटीत नीट जात नाही. खुरप्याचं टोक आधी हबच्या बाजूने घालायचं, मातीची वडी सैल करायची, मग खालून ओढायची. वरून ओढलं तर निम्मी आतच राहते. पट्टीचा स्क्रेपर करून लावला, तो धाटांनी वाकला. टायर गुळगुळीत केले तरी फरक नाही. भाजीवाले सिंगल फ्रंट व्हील का शोधत फिरतात हे आत्ता कळलं, आणि त्याची किंमत पाहून परत खुरपं उचललं.

ज्यांचं शेत सपाट आहे, ओळींची कामं आहेत, माती वाळूसर आहे, त्यांनी खुशाल करावं. लोडर मी विकायला काढलाय. किमतीत घासाघीस करा, पन्नास डॉलर कमी करीन, पण फोन करताना पुढचा एक्सल कुठला ते सांगा. नॅरो फ्रंटवाल्याला देणार नाही.