आई-बाबांचा परदेशातला लांब मुक्काम: अमेरिकेचा बी-२ की कॅनडाचा सुपर व्हिसा?

भाऊ अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बहीण कॅनडात पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना मिळवून स्थायिक, आणि आई-बाबा इथे जुळे सोलापुरात. दोघंही म्हणतात, या आता निवांत राहायला. आधी कुणाकडे जायचं हे ठरवताना कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे असे आई-बाप घरोघरी आहेत, म्हणून जे समजलं ते मांडतो.

सगळ्यात मोठा गोंधळ एकाच गोष्टीचा होतो. व्हिसाची मुदत वेगळी आणि मुक्कामाची मुदत वेगळी. अमेरिकेचा बी-२, म्हणजे फिरायला किंवा भेटीला जाण्याचा व्हिसा, आपल्या लोकांना बहुतेक वेळा १० वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण ६ महिने मिळतात. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात ती काढून बघा. एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो व्हिसा बाद होतो. मुदत संपल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलात, तर परतल्यावर ३ वर्षं प्रवेशबंदी. मुदत संपायच्या आत आय-५३९ अर्ज करून वाढ मागता येते, पण ती मिळेलच असं धरून तिकीट काढू नये.

कॅनडाचा सुपर व्हिसा खास आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच आहे. २०११ च्या डिसेंबरात तो सुरू झाला. ४ जुलै २०२२ पासून एका खेपेला तब्बल ५ वर्षं राहता येतं, पूर्वी २ वर्षं होती. नातवंडाचं पहिलं वर्ष सलग बघायचं असेल, तर माझ्या मते याला तोड नाही. मात्र अट पक्की आहे: मूल कॅनडाचं नागरिक किंवा पीआर हवं. वर्क परमिटवर असेल, तर साधा व्हिजिटर व्हिसा आणि सहसा ६ महिनेच. अमेरिकेच्या बी-२ ला अशी अट नाही. मुलगा एच-१बी वर असला तरी चालतो.

दुसरा मोठा फरक म्हणजे भार कुणावर पडतो. अमेरिकेत तो आई-बाबांवरच. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, मग मुंबईत बोटांचे ठसे आणि वेगळ्या दिवशी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. वयस्कर मंडळींना पूर्वी मुलाखतीतून सूट असायची. २ सप्टेंबर २०२५ पासून ८० च्या पुढच्यांनाही ती राहिलेली नाही. म्हणून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन, मुंबईत एक मुक्काम धरून दोन्ही कामं उरकावीत. परत येणार हे त्या दोन-चार मिनिटांत पटवायचं असतं. पेन्शनचं स्टेटमेंट, घराचा उतारा, शेती असेल तर सातबारा सोबत ठेवा. अधिकारी कागद बघतीलच असं नाही, उत्तरावरच भर असतो. बाबांना मी आत्ताच एवढं सांगून ठेवलंय: खरं बोला, थोडक्यात बोला.

कॅनडात अर्धा भार मुलीवर येतो. घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या मर्यादेइतकं तिचं उत्पन्न हवं, सहीचं निमंत्रणपत्र हवं. शिवाय प्रत्येकाचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही. खरा खर्च इथेच आहे. बीपी-शुगर असेल तर अटी नीट वाचा. जुना आजार काही महिने 'स्टेबल' असला, म्हणजे औषध-डोस बदललेला नसला, तरच बऱ्याच पॉलिसी भरपाई देतात. वैद्यकीय तपासणीही कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. ठसे मात्र पुण्यात देता येतात. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की त्याच दिवशी घरी परत.

फी दोन्हीकडे माणशी १८५, फक्त अमेरिकेत अमेरिकन डॉलर आणि कॅनडात ठशांसकट कॅनेडियन डॉलर.

आमचं घोडं अडलं ते जन्मदाखल्यावर. सुपर व्हिसासाठी नातं सिद्ध करावं लागतं आणि बहिणीच्या जुन्या दाखल्यात तिचं नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. त्या काळी बारशाआधी नोंद व्हायची, नाव घालायचं राहून जायचं. शिवाय आईचं नाव पासपोर्टवर एक, दाखल्यावर दुसरं. हे आधी दुरुस्त करा, महिने जातात. पासपोर्ट संपत आला असेल तर कॅनडासाठी आधी नूतनीकरण करून घ्या, कारण तो व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. अमेरिकेचा जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू राहतो, दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवायचे.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला ६ महिने. जर्मनी किंवा युरोपातल्या इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत फक्त ९०, आणि ३० हजार युरोचा विमा. एप्रिल ते जून सोलापूरचं ऊन टाळायला तेवढे पुरतात. ऑस्ट्रेलियाचा आई-वडिलांसाठीचा ८७० व्हिसा ३ किंवा ५ वर्षांचा, पण त्याची फी हजारो डॉलरमध्ये. मुलाचं तिथं बस्तान पक्कं असेल तरच विचार करा. आणि तिथं जाताना शेंगाचटणी नेलीत, तर विमानतळावर जाहीर करायला विसरू नका.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला लक्षात ठेवून तारखा आखाव्यात.

आमचं ठरलं ते असं: कॅनडा आधी. बहिणीची प्रसूती मार्चमध्ये आहे आणि तिला आई नुसती ६ महिने नको आहे. जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली की फेब्रुवारीत निघायचं. मला मनापासून वाटतं की पहिल्या खेपेला वर्षाच्या आतच परतावं. ५ वर्षांची मुभा आहे, पण बाबांची सकाळची फिरायला जायची मंडळी इथे आहेत. भावाकडचा बी-२ चा अर्ज ते परतल्यावर भरू.