४३,३२९ रुपयांची ‘सेफ्टी’

त्रेचाळीस हजार तीनशे एकोणतीस रुपये. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरात आणि नातेवाइकांत मी आजवर ‘वीस-बावीस गेले’ असंच सांगत आलोय. एवढी रक्कम देऊन मला मिळालं ते भंगारातून उचलून रंगवलेलं एक गॅस बार्बेक्यू, भट्टीचा रेग्युलेटर, कसलाच शिक्का नसलेली नळी आणि कुणाचा ते कुणालाच ठाऊक नसलेला सिलिंडर.

‘एक्स्पोर्ट सरप्लस’, म्हणजे निर्यातीतून उरलेला माल विकणारी ऑनलाइन पानं कशी चालतात हे इथे कुणाला समजवायला नको. ‘शेवटचे दोन पीस’, खोडलेली किंमत ६८,०००, शेजारी लाल अक्षरात ३१,९९९. अशा पानांवर मी कधी पैसे टाकत नाही. उलट आमच्या घरात असल्या बाबतीत मीच सगळ्यांना दमात घेतो. पण बार्बेक्यू विकणारा हा माणूस पूर्ण पैसे आगाऊ मागत नव्हता. ५,००० बुकिंगला, उरलेले २६,९९९ माल दारात आल्यावर. माल बघून पैसे द्यायचे म्हणजे फसवणूक कशी होणार, हा माझा हिशेब. आजही तो चुकीचा वाटत नाही. माल आला होताच ना! काय आलंय हे कळण्याइतकी माहिती मला नव्हती, एवढंच.

आणि तो बोलायचा काय, तर फक्त सुरक्षिततेबद्दल. फोनवर पहिलं वाक्य, ‘सर, घरात लहान मुलं आहेत का? मग आपला माणूस येऊनच फिटिंग करेल, तुम्ही हात लावू नका.’ गॅस म्हटला की आपल्याला आधी स्फोटाच्या बातम्या आठवतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. ग्रिल त्याने एकदा विकलं, भीती चार वेळा विकली. सेफ्टी किट (रेग्युलेटर, नळी, क्लिपा) ३,४५०. भरलेला छोटा सिलिंडर ३,२००. फिटिंग १,५००. आणि यावर कडी म्हणजे ‘गॅस सेफ्टी सर्टिफिकेट’ ११८० रुपये, जीएसटीसह. पावतीवर जीएसटी नंबर नव्हता. हजारावर अठरा टक्के बरोबर लावलेले दिसले आणि मी निवांत झालो. चोराने बेरीज बरोबर केली म्हणून माझा विश्वास बसला!

टेम्पोबरोबर आलेला पोरगा पंचविशीचा असेल. ‘काका, काका’ करत वीस मिनिटांत सगळं जोडलं. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. त्याच वीस मिनिटांवर माझं डोकं अजून अडकलेलं आहे, कारण कळण्यासारखं सगळं तिथे डोळ्यांपुढे घडत होतं.

एक म्हणजे ग्रिलच्या मागच्या बाजूला, जिथे माहितीची पट्टी असते, तिथे ग्राइंडर फिरवल्याचे ओरखडे होते. ‘एक्स्पोर्टचा माल आहे काका, कंपनीच सांगते नाव काढायला.’ बरं. सिलिंडरला झाकण नव्हतं, सील नव्हतं. ‘चेक करून आणलाय.’ बरं. सिलिंडरच्या पट्टीवर ‘सी-१९’ असं कोरलेलं होतं. तो मी मॉडेल नंबर समजलो. आता वाचणाऱ्यांपैकी निम्मे हसतील. पण घरी जाऊन स्वतःच्या सिलिंडरची पट्टी तुम्ही शेवटची कधी वाचलीत, ते आधी सांगा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढे साल. तोवर त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी असते. म्हणजे माझ्या ‘नव्या’ टाकीची मुदत सप्टेंबर २०१९ मध्येच उलटली होती, आणि वर निळा रंग ताजा होता, बोटाला लागत होता.

हे सगळं एक वेळ सोडा. पुढचं मात्र सुटत नाही. सगळं जोडून झाल्यावर त्याने गॅस चालू केला, खिशातून लायटर काढला, पेटवला, आणि ती ज्योत रेग्युलेटरपासून नळीच्या जोडापर्यंत सावकाश फिरवली. ‘बघा काका, कुठेच पकडत नाही. शंभर टक्के सेफ.’

आणि मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय पोरगा आहे, काय आत्मविश्वास आहे!

गॅस गळतोय का हे साबणाच्या पाण्याने बघतात. भांड्याचा साबण पाण्यात फेसायचा, जोडांवर लावायचा, बुडबुडे आले तर गळती. माझ्या आईला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. घरची शेगडी बदलली तेव्हा मी स्वतः केलंय. गळती शोधायला जो माणूस आग वापरतो तो कुठल्याही कंपनीचा असू शकत नाही, हे कळायला वेगळी अक्कल लागत नाही. पण समोर कागदपत्रांची फाइल होती, त्याच्या शर्टावर ‘सेफ्टी टेक्निशियन’ असं भरतकाम होतं आणि शेजारचे दोघे कंपाउंडवरून बघत होते. चारचौघांत त्या पोराची उलटतपासणी कशी घ्यायची, असं वाटलं. तुम्ही लाजू नका. लायटर दिसला की तिथेच हाकला.

जाताना त्याने ग्रिलचे चारी बाजूंनी फोटो काढले. ‘वॉरंटीसाठी लागतात.’ त्यावर नंतर येतो.

त्याने दिलेली शिकवण अशी: पेटवताना झाकण बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याने विझतं. खरी रीत बरोबर उलटी आहे. पेटवताना झाकण उघडंच हवं. बंद झाकणाखाली गॅस साठतो आणि ठिणगी पडली की एकदम भडकतो. एकदा पेटलं नाही तर सगळे कॉक बंद करून, झाकण उघडं टाकून पाचेक मिनिटं थांबायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, खालीच रेंगाळतो. बंदिस्त गॅलरीत किंवा पोर्चमध्ये तर हा प्रकार मुळीच करू नका. आमचं अंगण उघडं होतं म्हणून हे लिहायला मी जागेवर आहे.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी मेहुणा आणि मंडळी आली. पनीर, चिकन, कणसं सगळं मसाल्यात घालून तयार होतं. ज्योत पहिल्यापासून पिवळी आणि वीतभर उंच. मला वाटलं, इम्पोर्टेड आहे, जोर असणारच. वाऱ्याने एकदा विझलं, मेहुण्याने ‘टेक्निशियन’च्या सांगण्याप्रमाणे झाकण बंद ठेवून बटण दाबलं आणि भप्प! त्याच्या हातावरचे केस आणि एक भुवई गेली. तेवढ्यात ट्रेमधल्या तेलाने पेट घेतला. नळी नेमकी तापणाऱ्या पत्र्याच्या पाठीमागून नेली होती, ती मऊ पडून लोंबायला लागली. रेग्युलेटर मी बंद केला. कणसं शेवटी आतल्या शेगडीवर भाजली आणि बायको दोन दिवस माझ्याशी तोलून मापून बोलत होती.

हॉटेलांच्या भट्ट्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री ओळखीचे आहेत. ३०० रुपये घेऊन त्यांनी सगळं उघडलं, आणि त्या ३०० रुपयांत मला ४३ हजारांपेक्षा जास्त कळलं. बर्नरच्या खालच्या बाजूला गंजाने भोकं पडलेली, वरून काळा रंग. जेट (ज्यांच्या बारीक भोकातून बर्नरला गॅस जातो ते) काढून हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘साहेब, हे ग्रिल टाकीवरचं नाहीच. हे पाइपच्या गॅसचं आहे.’ नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीमध्ये त्याच्या साधारण अडीचपट उष्णता असते. म्हणून पाइप-गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं. त्या मोठ्या भोकातून टाकीचा गॅस सोडला की ज्योत पिवळी होऊन उंच जाणारच. पट्टी घासून काढली होती ती याच कारणासाठी, तिच्यावर गॅसचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पट्टीच नसेल तर दार लावून घ्या.

वर रेग्युलेटर कुठला, तर वडापावच्या गाडीवर असतो तो, चावी फिरवून दाब वाढवायचा. आपल्याकडचा घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो, या पितळी चावीवाल्याचा दाब त्याच्या कितीतरी पट जातो. चुकीचे जेट, त्यावर चुकीचा दाब. ३,४५० रुपयांचं ‘सेफ्टी किट’ म्हणजे ते. साधी नारिंगी सुरक्षा नळी, आत तारेची जाळी असलेली, ‘आयएस ९५७३’ आणि वर्ष छापलेली, गॅस एजन्सीत दोनशेच्या आतबाहेर मिळते, पाच वर्षं चालते. आणि छोटा पाच किलोचा सिलिंडर हवा असेल तर तेल कंपन्यांचा रीतसर मिळतो, नव्या गॅस कनेक्शनसारखा पत्त्याचा पुरावाही मागत नाहीत. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, असं बायको म्हणते.

त्या माणसाला फोन केला. आश्चर्य म्हणजे उचलला, माफी मागितली. ‘सर, माल परत घेतो, पूर्ण रिफंड. पिकअपच्या गाडीचे २,००० टाका, रिफंडमध्येच जमा होतील.’ टाकले. हो, टाकले. ४१,३२९ अडकलेले असताना २,००० ने ते सुटणार असतील तर कोण टाकणार नाही? त्यानंतर नंबर बंद, पान गायब. परतावा मिळवायला पैसे मागितले की ती दुसरी फसवणूक असते, हे वाक्य कुठेतरी लिहून चिकटवा.

आता साहेबलोकांकडे या. पोलीस चौकीत आधी विचारलं, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.’ मी म्हटलं, अहो, खोटा माल आहे, जीव गेला असता. ‘गेला नाही ना.’ ऑनलाइन म्हणून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथे म्हणे, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने यूपीआयने दिले, ओटीपी कुणी चोरला नाही, मग हे सायबर कसं? ‘काका, तुम्ही शिकलेले दिसता’, हे मात्र दोन्ही टेबलांवर ऐकवलं. बँकेत गेलो तर व्यवहार यशस्वी झालाय असं मलाच समजावून सांगितलं, जणू माझी तक्रार तो अयशस्वी झाल्याची होती! गॅस एजन्सीने सिलिंडर आत घ्यायलाही नकार दिला, ‘आमचा नाही, बाहेर ठेवा.’ बाहेर म्हणजे कुठे? फुटपाथवर? मुदत उलटलेली टाकी मी दुचाकीवर घेऊन गावभर हिंडायचं का?

सगळ्यावर कळस झाला तो एका सरकारी कार्यालयात. मी बेकायदा गॅस विकणाऱ्याची माहिती घेऊन गेलो होतो, नंबर, फोटो, पावती, सगळं. समोरच्या साहेबांनी पावती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, ‘एका टाकीतून दुसरीत गॅस भरणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? असली टाकी तुमच्या ताब्यात कशी?’ म्हणजे आरोपी मी! विकणारा मोकळा, भरणारा मोकळा, आणि ३,२०० रुपये मोजून वर भुवई जाळून घेणारे आम्ही तपासाखाली. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते, साडेतीनला.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, म्हणून तिकडेही चौकशी केली. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या पावतीवर पत्ता होता. शोधला तर तिथे वॉशिंग सेंटर निघालं. म्हणून सांगतो, ५,००० चं बुकिंग करण्यापूर्वी जीएसटी नंबर मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी घरच्यांना कळू नये म्हणून आठवडाभर गप्प बसलो, तेवढ्यात त्याचं खातं रिकामं झालं असणार. आणि गॅसचा वास आला तर १९०६, चोवीस तास. त्याआधी रेग्युलेटर बंद करायचा, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. पान मात्र परत सुरू झालंय, नाव नवं, किंमत आता २९,४९९, आणि ‘आमचे समाधानी ग्राहक’ म्हणून लावलेला फोटो माझ्या अंगणातला आहे, तोच वॉरंटीचा. कडेला हिरवं तुळशीवृंदावन, मागे अर्धवट रंगवलेली पिवळी भिंत आणि कोपऱ्यात माझ्या चपला. तो फोटो दिसला तर तिथे एक रुपयाही टाकू नका, आणि स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा. माझ्या एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाहीये.