लिनक्स मिंट २२ विंडोजच्या शेजारी: एका डिस्कवरची दोन बिऱ्हाडे

विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. यंत्र मात्र अजून धडधाकट आहे. हिशेबाची एक प्रणाली आणि जुन्या स्कॅनरचे सॉफ्टवेअर या दोन गोष्टी विंडोजखेरीज चालत नसल्यामुळे विंडोजला पूर्ण निरोप देणे शक्य नव्हते; इंटरनेटवरचे सारे व्यवहार मात्र अद्यतने मिळणाऱ्या प्रणालीवर नेणे आवश्यक होते. म्हणून ५१२ जीबीच्या त्याच एका एसएसडीवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट २२ ही मोफत कार्यप्रणाली बसवली. हे परीक्षण मिंट दिसते कसे किंवा चालते कसे याचे नाही. विंडोज असलेल्या घरात ते बिऱ्हाड कसे थाटते आणि पुढे शेजार कसा सांभाळते, एवढ्यापुरतेच ते आहे.

मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आले, ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेले आहे आणि त्याला २०२९पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (म्हणजे मिंटची पूर्ण प्रत) उतरवून घ्यावी, ती जशीच्या तशी उतरली आहे ना हे दाखवणारा चेकसम पडताळावा, ती पेन ड्राइव्हवर चढवावी आणि यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावे. डिस्कला हात न लावता पूर्ण मिंट समोर उभे राहते. या लाइव्ह अवस्थेत वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपून पुन्हा नीट उठते की नाही, एवढे तपासण्यात अर्धा तास घालवणे मला फार शहाणपणाचे वाटते. माझ्या यंत्रात सगळे पहिल्या झटक्यात चालले. काही लॅपटॉपांमध्ये डिस्क सांभाळणारा स्टोरेज कंट्रोलर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) रेड किंवा आरएसटी नावाच्या पद्धतीवर ठेवलेला असतो आणि तिथे मिंटला डिस्कच दिसत नाही. तसे असेल तर ते याच वेळी कळते.

खरे काम विंडोजच्या बाजूला आहे, आणि मिंटच्या स्वागतपर पडद्यांवर त्याची पुरेशी जाणीव करून दिली जात नाही, ही माझी पहिली तक्रार. मिंटला जागा करून देण्यासाठी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसवायला गेलो, तेव्हा ३०० जीबीहून अधिक जागा मोकळी असूनही जेमतेम १८ जीबी सोडण्याची त्याची तयारी होती. याचे कारण असे की पेजफाइल (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची), हायबरनेशनची फाइल (यंत्र झोपताना मेमरीतले जपणारी) आणि सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती या न हलणाऱ्या फाइली पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्या कप्प्यात, कुठेतरी दूरवर बसलेल्या असतात, आणि त्यांच्या अलीकडे विंडोज पार्टिशनची हद्द आणू शकत नाही. तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद केल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि मग मागितलेले १२० जीबी निमूटपणे मिळाले. हे काम मिंटचा इन्स्टॉलरही करू शकतो; त्यात एक सरकपट्टी ओढून दोन प्रणालींच्या वाटण्या ठरवता येतात. तरीही विंडोजची हद्द विंडोजच्याच साधनाने हलवावी, या मताचा मी आहे. बॅकअप आधी घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहून घेणे अत्यावश्यक आहे. पुष्कळ लॅपटॉपांवर विंडोजचे डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) मालकाच्या नकळत चालू असते. बूटचा क्रम (यंत्र सुरू होताना आधी काय उघडावे तो) किंवा सिक्युअर बूटची (फक्त मान्य बूटलोडरच चालू देणाऱ्या सोयीची) मांडणी बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइली परक्या होतात. ही की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. ती त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कुलपाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद करण्याचा हा प्रकार आहे.

इन्स्टॉलर मात्र मनापासून आवडला. भाषा, कीबोर्ड आणि मल्टिमीडिया कोडेक विचारून झाल्यावर तो डिस्कवर विंडोज असल्याचे ओळखतो आणि त्याच्या शेजारी बसण्याचा पर्याय आपणहून पुढे करतो. बहुतेकांनी तोच घ्यावा. मला होम पार्टिशन (स्वतःच्या फाइलींचे) वेगळे हवे असल्यामुळे मी ‘समथिंग एल्स’ हा पर्याय निवडला, आणि तिथे या इन्स्टॉलरचा सौजन्याचा मुखवटा गळून पडतो. समोर येते ती ‘एनव्हीएमई’ने सुरू होणाऱ्या, अंकांनी भरलेल्या नावांची एक कोरडी यादी. विंडोजमध्ये ज्याला आपण सी आणि डी म्हणतो त्यांतले कोणते कुठे आहे, हे केवळ आकारावरून ताडावे लागते. मी विंडोजमधून डिस्कच्या आराखड्याचे छायाचित्र फोनवर काढून ठेवले होते आणि प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून पाहिली: १०० एमबीचे ते ईएफआय पार्टिशन (प्रणाली सुरू करून देणाऱ्या फाइलींचे), १६ एमबीचे ते विंडोजने राखून ठेवलेले, सर्वांत मोठे ते सी, शेवटचे छोटेसे ते रिकव्हरीचे आणि मधली मोकळी जागा आपली. ईएफआय पार्टिशन वापरायचे असते, पण ते फॉरमॅट करायचे नसते, कारण विंडोजचा बूट मॅनेजरही तिथेच राहतो. फॉरमॅटच्या त्या एका चौकोनात चुकून खूण झाली तर विंडोजच्या फाइली शाबूत राहूनही विंडोज सुरू होणार नाही. एवढ्या जोखमीच्या ठिकाणी एखादी ठळक सूचना असायला काय हरकत होती?

दोन वेगळ्या डिस्क असलेल्यांसाठी एक इशारा इथेच देतो. बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) दुसऱ्या डिस्कवर टाकण्याचा पर्याय पडद्यावर दिसतो खरा, पण यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेल्या यंत्रांवर हा इन्स्टॉलर ती निवड बाजूला ठेवून पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच बूटलोडर टाकतो, हा त्याचा जुना आणि सर्वज्ञात दोष आहे. म्हणून जाणकार लोक इन्स्टॉल होईपर्यंत विंडोजची डिस्क काढूनच ठेवतात.

प्रत्यक्ष फाइली चढायला पाव तासही लागला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ग्रबचा, म्हणजे मिंटच्या बूटलोडरचा, काळा पडदा आला; त्यावर लिनक्स मिंट पहिले, विंडोज बूट मॅनेजर खाली, आणि १० सेकंदांत काही न निवडल्यास मिंट सुरू. विंडोजही एकदा उघडून पाहिले आणि समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी मिंटमधून सी ड्राइव्हवरची एक हिशेबाची फाइल दुरुस्त करायला गेलो, तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला. चूक माझीच होती. आकसवण्याचे काम संपल्यावर मी हायबरनेशन पुन्हा चालू केले होते आणि त्याच्या पाठोपाठ विंडोजचे फास्ट स्टार्टअपही गुपचूप परत आले होते. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवून ते डुलकी घेते आणि विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर ‘मी अजून इथेच आहे’ अशी खूण सोडते. अशा ड्राइव्हवर दुसऱ्याने लिहिणे म्हणजे झोपलेल्याच्या घरातले सामान हलवणे, म्हणून मिंट लिहायला नकार देते, आणि ते योग्यच आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या भागात जाऊन फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढली की कटकट मिटते.

घड्याळाचा घोळही याच जातीचा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सामान्यतः यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे प्रणाली बदलली की घड्याळ काही तास पुढे-मागे सरकू शकते. मिंटला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी टर्मिनलची एक ओळ पुरेशी होते.

काही महिन्यांनी लॅपटॉपच्या निर्मात्याकडून बायोसचे अद्यतन आले आणि ते चढवल्यावर यंत्र थेट विंडोजमध्येच उघडू लागले. क्षणभर वाटले, मिंट गेले. पूर्वीच्या एमबीआर पद्धतीत ते खरोखरच जाई, कारण ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये एकाच बूटलोडरला जागा असे आणि विंडोज नव्याने बसवले की ते तिथे आपले बस्तान मांडे. यूईएफआयमध्ये प्रत्येकाचे फोल्डर वेगळे असते. बिघडला होता तो केवळ क्रम. बायोसमध्ये जाऊन ‘उबुंटू’ नावाची नोंद वर आणली आणि सगळे पूर्ववत झाले. मिंटची नोंद उबुंटूच्या नावाने का दिसते, असा प्रश्न नवख्याला पडणारच, आणि इतक्या वर्षांत मिंटकारांनी हे नाव का बदलले नाही, असा मलाही पडतो. याहून गंभीर प्रसंग ऑगस्ट २०२४ मध्ये घडला होता. विंडोजच्या त्या महिन्याच्या सुरक्षा-अद्यतनाने सिक्युअर बूटसाठी जुने लिनक्स बूटलोडर अमान्य ठरवले आणि अनेक दुहेरी यंत्रांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. एकाच छपराखाली राहायचे तर शेजाऱ्याच्या डागडुजीची धूळ अधूनमधून अंगावर येणारच. ज्याला ती नको असेल आणि ज्याच्या यंत्रात मेमरी भरपूर असेल, त्याने व्हर्च्युअल मशीनचा (एका प्रणालीच्या आतच दुसरी चालवण्याचा) मार्ग धरावा. माझ्या ८ जीबीत तो परवडला नाही.

सहा महिन्यांनंतर माझ्या यंत्रावर दहांपैकी नऊ वेळा मिंटच उघडले जाते. इन्स्टॉलरला मी चांगले गुण देईन, त्यातल्या पार्टिशनच्या पडद्याला काठावर पास करीन. ज्याला ४८ अंकी की कुठे सापडते हे ठाऊक नाही आणि शोधायची इच्छाही नाही, त्याला हा मार्ग मी सुचवणार नाही.

मिंट काढायचे झाले तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी बायोसमध्ये विंडोज वर आणावे आणि मगच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटची पार्टिशने पुसावीत. उलट केल्यास ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तर ती त्यात परत जोडता येते. ईएफआय पार्टिशनमधले उबुंटूचे फोल्डर तेवढे मागे उरते. ते काही एमबींचेच असते आणि राहिले तरी कुणाला त्रास देत नाही.