पैसे परत मागते ती ‘जुनी मी’

‘नवी मी’ घडवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सचा पहिला गृहपाठ होता स्वतःला निरोपाचं पत्र लिहिण्याचा. ‘प्रिय जुनी मी, आजपासून तुझी-माझी वाट वेगळी.’ ते मोठ्याने वाचतानाचा व्हिडिओ करून गटात टाकायचा होता. मी टाकला. वाचताना रडलेही. अर्ध्या तासात शंभरावर हृदयं येऊन पडली आणि मला फार बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रकरण कळलं की प्रत्येक जण विचारतो, ‘तुला संशय कसा नाही आला गं?’ अहो, बरं वाटत असताना संशय येत नाही. पहिले दोन आठवडे मी नुसती तरंगत होते.

मला मुलांसाठी गोष्टी लिहायच्या होत्या. नोकरी करून, रात्री, जमेल तशा. वहीत सात गोष्टी होत्या आणि सातही अर्धवट. अशात मोबाईलवर मोफत वेबिनारची जाहिरात दिसली: ‘ध्येयामागे धावू नका, ध्येय गाठणारी व्यक्ती व्हा.’ हे वाक्य मला आजही वाईट वाटत नाही. रोज थोडं लिहिणारी बाई पुस्तकापर्यंत पोचते, यात खोटं काय आहे? गोम पुढे होती.

वेबिनारमध्ये एक गोष्ट फार रंगवून सांगितली. १९५३ साली येल विद्यापीठातल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती, आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त भरली. मी ती वहीत उतरवून घेतली, खाली दोन रेघा मारल्या. पुढे कधीतरी शोधायला बसले तेव्हा कळलं की असा अभ्यास कधी झालाच नव्हता. खुद्द येलला त्याचा मागमूस सापडलेला नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही तसंच. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण २१ दिवस तरी लागतात. त्याचं पुढे काहीच्या बाही झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींची रोजची नोंद ठेवून पाहिली, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवस असा पसरला. पण २५४ दिवसांचा कोर्स कोण घेणार?

वेबिनार संपल्यावर एक ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ भरायची होती. निकालात लिहिलं होतं: ‘तुमच्यात मोठी क्षमता आहे, पण तिचा तुम्ही पुरेसा वापर केलेला नाही. बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, आतून मात्र अनेकदा साशंक असता.’ वाचून अंगावर काटा आला, इतकं ते माझंच होतं. चार महिन्यांनी मी तीच चाचणी उलटीसुलटी उत्तरं देऊन पुन्हा भरली. शब्दन्‌शब्द तोच निकाल आला. ही युक्ती जुनी आहे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘हे तुमचं वर्णन’ म्हणून सगळ्यांच्या हातात एकच मजकूर ठेवला. तो त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवला होता. विद्यार्थ्यांनी त्या अचूकपणाला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मी तर पैकीच्या पैकी दिले असते.

मग आला फोन. त्या फोनबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण खरी फसवणूक त्यातच झाली.

बोलणारी बाई गोड होती, ‘ताई, ताई’ करत होती. विक्रीचं एक अक्षर नाही. वीस मिनिटं तिने मला नुसतं बोलू दिलं. नोकरीबद्दल, अर्धवट गोष्टींबद्दल, शाळेत असताना निबंध वर्गात वाचून दाखवला होता त्याबद्दल. मग फी सांगितली. माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. मी म्हटलं, “एकदा घरी बोलते आणि उद्या कळवते.”

ती क्षणभर गप्प बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “ताई, हे आत्ता कोण बोलतंय? जुन्या तुम्ही की नव्या तुम्ही? तुम्हाला जी लेखिका व्हायचंय, ती निर्णय उद्यावर ढकलेल का?”

आता वाचताना हसू येतं. पण तेव्हा या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचार करायला वेळ मागितला तर मी जुनी, घासाघीस केली तर जुनी, नवऱ्याला विचारलं तर जुनीच. ‘नवी मी’ला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, कार्डाचा नंबर सांगणं. पडद्यावर सवलतीचं घड्याळ उलटं धावत होतं, नऊ मिनिटं उरली होती. (पान पुन्हा उघडलं की ते परत पंधरा मिनिटांवर जायचं. ते पुन्हा उघडून बघायचं मला सुचलं पैसे भरून झाल्यावर.)

कोर्समध्ये काय होतं? रोज सकाळी गटात ‘मी लेखिका आहे’ असं लिहायचं. लेखिकेसारखे कपडे, लेखिकेसारखी चाल. लेखिका कशी चालते, देव जाणे. प्रोफाइलवर ‘लेखिका’ लिहायचं, ओळखीच्यांना सांगत सुटायचं. लिहायचं कधी, हे मात्र कुठल्याच पाठात नव्हतं. सात आठवड्यांत मी पावणेदोन पानं लिहिली. एरवी कंटाळत का होईना, महिन्याला पाच-सहा तरी व्हायची. गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते, आणि वाहवा मिळत असल्यामुळे लग्न लागल्यासारखंच वाटत होतं. न्यूयॉर्क विद्यापीठाचे पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. मला अमुक व्हायचंय, हा इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की माणूस त्यासाठी मेहनत कमी करतो. ते होऊन गेल्याचं थोडं समाधान त्याला आधीच मिळून जातं. याच गोलविट्झरचं दुसरं काम आहे ते अगदी रुक्ष: ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ इतकं ठरवून ठेवा, काम होण्याची शक्यता वाढते. ‘भांडी आवरली की वही उघडायची.’ एवढंच. याची फी कोण देणार?

सातव्या आठवड्यात मी गटात विचारलं, “लिहिण्याचा पाठ कधी आहे?” माझी पोस्ट तासाभरात गायब झाली. मार्गदर्शक सरांचा वैयक्तिक निरोप आला: ‘तुमचा जुना स्वभाव डोकं वर काढतोय. हीच परीक्षा आहे.’ सोबत वरच्या पातळीच्या कोर्सची लिंक. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण ऐकत आलो. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि तसं म्हणायची सोय नव्हती. कोर्स चालला तर कोर्सचं श्रेय, नाही चालला तर तुम्ही अजून ‘ती व्यक्ती’ झाला नाहीत. तक्रार केलीत तर तोच त्याचा पुरावा.

मी पैसे परत मागितले. जाहिरातीत ‘१०० टक्के परताव्याची हमी’ मोठ्या अक्षरांत होती. अटी मी तेव्हा पहिल्यांदा वाचल्या. परतावा नोंदणीपासून ३० दिवसांत मागायचा, आणि बाराच्या बारा पाठांचे गृहपाठ पूर्ण केलेले असले पाहिजेत. पाठ उघडायचा आठवड्याला एक. बारावा उघडणार बाराव्या आठवड्यात. कॅलेंडर घेऊन मी दोनदा मोजलं. पैसे भरताना ज्या चौकटीत टिचकी मारली होती तिच्यात आणखी दोन वाक्यं होती: ‘माझ्या निकालांची पूर्ण जबाबदारी माझी आहे’ आणि ‘माझे फोटो व व्हिडिओ प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी संमती आहे.’

फी हप्त्यांत कापली जात होती, म्हणून मी बँकेत जाऊन पुढचे हप्ते थांबवले आणि व्यवहारावर हरकत नोंदवली. अशा हरकतीला मुदत असते, मी ती जेमतेम गाठली. निरोपांचे, जाहिरातीचे, अटींचे स्क्रीनशॉट लागले. गटातून मला काढून टाकायच्या आधी ते घेतले होते म्हणून बरं. राहिलेले हप्ते वाचले, भरलेले गेले ते गेलेच. कोणी अशा फोनवर असाल तर पहिले चार पाठ लेखी मागा आणि परताव्याची अट बोलणाऱ्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. माझ्या त्या गोड बाईने फोन ठेवला असता.

इतके दिवस हे लिहिलं नव्हतं, लाज वाटत होती म्हणून. गेल्या मंगळवारी मावसबहिणीने एक जाहिरात पाठवली. खाली विचारलं होतं, ‘ही तूच ना? चांगला आहे का कोर्स?’ उघडून पाहिलं तर मी. हातात निरोपाचं पत्र, डोळ्यांत पाणी, खाली ठळक अक्षरांत ‘हिने निर्णय घेतला. तुम्ही?’ तिची चाचणी भरून झाली होती, निकाल तिला फार पटला होता. फोन सात वाजता येणार होता.

मी पावणेसातला तिला फोन लावला.