नमएक्सप्र: ॲरे मोठा आणि सूत्र लांबलचक असेल तरच

पायथनमध्ये मोठे ॲरे (आकड्यांच्या लांब रांगा) कुटणाऱ्यांना नमएक्सप्र (NumExpr) ही ॲरेवरची सूत्रं वेगात सोडवणारी लायब्ररी नावाने तरी माहीत असते. सेन्सरच्या डेटावर मी ते नेहमी वापरते. फुकट आहे, पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने) मिनिटात बसतं.

वेग येतो तो मुख्यतः मेमरीची बचत झाल्यामुळे. नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या ॲरे लायब्ररीत, '२*ए + ३*बी' लिहिलं की आधी २*ए चा अख्खा ॲरे बनतो, मग ३*बी चा, मग बेरीज. एक कोटी फ्लोट६४ (८ बाइटचे दशांश आकडे) म्हणजे प्रत्येक ॲरे ८० एमबी. प्रोसेसर बिचारा हिशेब थोडा करतो, रॅमच्या खेपाच जास्त घालतो. नमएक्सप्रच्या इव्हॅल्युएट फंक्शनला हेच सूत्र स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) म्हणून द्यायचं. ते सूत्राचा बाइटकोड (छोट्या सूचनांची यादी) करतं आणि सी भाषेत लिहिलेलं नमएक्सप्रचं छोटं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्या सूचना चालवणारा प्रोग्रॅम, कॅशेत (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावतील असे ॲरेचे तुकडे घेऊन अख्खं सूत्र एकेका तुकड्यावर चालवतं. मधले अवाढव्य ॲरे तयारच होत नाहीत, शिवाय तुकडे वेगवेगळ्या कोअरवर वाटले जातात. 'ए**३' सारखा घात दिसला तर त्याचा सरळ गुणाकार करून टाकतं, हे मला फार आवडतं.

नुसतं 'ए + बी' असेल तर मात्र फार काही हाती लागत नाही. ॲरे शे-दोनशे आकड्यांचा असेल तर स्ट्रिंग तपासण्यातच वेळ जातो. तिथे नमपायच बरं.

आता कटकटी. सूत्र स्ट्रिंगमध्ये असल्याने एडिटर चूक दाखवत नाही. आत स्लाइसिंग (ॲरेचा तुकडा कापणं) चालत नाही, तुकडा आधी बाहेर व्हेरिएबलमध्ये घ्यावा लागतो. 'अँड', 'ऑर' च्या जागी & आणि |, तेही कंसांसकट. सगळ्यात जास्त डोकं खातं ते फ्लोट३२ (४ बाइटचा, निम्मी मेमरी घेणारा आकडा). ए फ्लोट३२ असला तरी 'ए * ०.५' चं उत्तर फ्लोट६४ येतं, म्हणजे वाचवलेली मेमरी दुप्पट होऊन परत. उपाय आहे: ०.५ आधी नमपायच्या फ्लोट३२ मध्ये करून व्हेरिएबल म्हणून द्यायचा. पण हे दर वेळी लक्षात ठेवायचं म्हणजे वैतागच. आणि बाहेरच्या माणसाने टाइप केलेली स्ट्रिंग इव्हॅल्युएटला थेट देऊ नका, आत पायथनचं इव्हॅल आहे, ते स्ट्रिंगमधला मजकूर कोड म्हणून चालवतं.

पांडाज (तक्त्यांच्या डेटासाठीची पायथन लायब्ररी) वापरणाऱ्यांना वेगळं शिकायची गरज नाही. नमएक्सप्र इन्स्टॉल असेल तर पांडाजची क्वेरी आणि इव्हॅल ही फंक्शन्स तेच वापरतात. एकाच मशीनवर बऱ्याच प्रोसेस चालवत असाल तर नमएक्सप्रच्या सेट_नम_थ्रेड्सने थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) संख्या १ वर आणा, नाहीतर प्रत्येक प्रोसेस आपापले थ्रेड उघडून एकमेकींच्या पायात येते.