गाजलेल्या बातम्या: गूगलची यादी की पेपरची पुरवणी?

भाच्याला कॉलेज प्रोजेक्टसाठी वर्षातल्या गाजलेल्या बातम्या हव्यात, गूगलची वर्षअखेरची यादी घेऊ का जळगाव आवृत्तीची पुरवणी, असं विचारतोय. खर्च दोन्हीत नाही, पुरवणी रद्दीत सापडते. मेहनत पेपरलाच जास्त.

खरी गोम मापात आहे. गूगलची ट्रेंडिंग यादी एकूण सर्च मोजत नाही, आदल्या वर्षीपेक्षा काय एकदम उसळलं ते बघते, म्हणून २०२३ ला भारतात बातम्यांत चांद्रयान-३ पहिलं, आणि कापसाचा भाव, जो आपल्याकडे रोज पारावर निघतो, तो रोजचाच म्हणून त्यात सहसा येत नाही भाऊ. पुरवणीत कापूस, रावेरची केळी सगळं असतं पण निवड संपादकाची (नेत्यांचे वाढदिवसपण घुसतात).

देशाचं कुतूहल दाखवायचं तर गूगल, खान्देशचं वर्ष दाखवायचं तर पुरवणीच.